अमेरिका सांगायला तिरोड्याला

पुण्याहून निघालो तेव्हा लॅपटॉपमध्ये अख्खी अमेरिका भरली होती: महायुद्धानंतरचे रुंद रस्ते, मोटारी, फ्रिज आणि शहराबाहेरच्या टुमदार वसाहती. माझी जुनी विद्यार्थिनी वनिता तिरोड्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. तिनंच व्याख्यानाला बोलावलं होतं. मनात मात्र धाकधूक होती. तिच्या मुलीला, प्रज्ञाला, पुण्यात नोकरी लागली होती आणि आमच्या सोसायटीतला रिकामा फ्लॅट भाड्यानं हवा होता. घरमालक तयार होता. पण वनिताचं घर बौद्ध. अर्जावरचं आडनाव वाचून समितीतल्या दोघांनी नाकं मुरडली. मी सोसायटीचा सचिव. तसा पुरोगामी माणूस, त्यामुळे नाही म्हणालो नाही. तीन महिने फक्त "पुढच्या बैठकीत बघू" म्हणत राहिलो.

गोंदियाला उतरल्यावर रिक्षावाला हिंदीत बोलत होता, मी मराठीत. भाड्यावरून झालेलं भांडण मात्र दोघांनाही नीट समजलं. पुढे बसच्या दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं) होत्या. वर बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. मान वर करून पाहणारा बसमध्ये मी एकटाच.

कॉलेजात शाल-श्रीफळ झालं आणि वीज गेली. फ्रिज आणि मोटारी दाखवता येईनात, तेव्हा माणसांबद्दल बोलणं भाग पडलं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्त कर्ज मिळालं. त्याच युद्धात लढलेल्या काळ्या सैनिकांना मात्र त्या नव्या वसाहतींत घर मिळालं नाही, असं मी सांगितलं. वहीनं वारा घेणाऱ्या मुली थांबून ऐकू लागल्या.

जेवायला वनिताकडे गेलो. चिन्नोर तांदळाचा भात, बोदलकसाच्या तलावातल्या मासळीचा रस्सा. व्याख्यान ऐकून आलेले तिचे वडील, नामदेवबाबा, समोर बसले होते.

"तिथचे सगळेच लोक खराब होते का, सर?"

"नाही, बाबा. बरेच जण भले होते. शेजारी काय म्हणतील म्हणून गप्प राहिले."

"भले होते त घर काऊन (का) नाही देलं?"

वनितानं मला आणखी भात वाढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी ती स्टेशनवर सोडायला आली. गाडीत चढण्याआधी मी तिला ऐटीत शब्द देऊन टाकला, की फ्लॅट प्रज्ञालाच मिळेल.

ती हसली. "तिनं मागच्याच महिन्यात दुसरीकडे खोली घेतली, सर. तुम्हाला अवघड वाटेल म्हणून बोलले नाही." मग म्हणाली, "पण तुम्ही जात न बघता घर देण्याचा ठराव करून ठेवा. पुढच्या कोणाला लागेल."

पुण्यात येताच बैठक बोलावली. त्या दोघांनी पुन्हा नाकं मुरडली, मी पहिल्यांदाच आवाज चढवला, आणि दहा मिनिटांत ठराव झाला. फक्त दहा मिनिटांचंच काम होतं ते. अमेरिकेतली ती भली माणसं गप्प का बसली, हा प्रश्न मी तीस वर्षं परीक्षेत घालत आलो. त्याचं उत्तर मला किती पाठ होतं, हे प्रज्ञाचं घर गेल्यावर कळलं.