साडूभाऊंचे भीत भीत केलेले जोडधंदे

आमच्या साडूभाऊंइतका भित्रा माणूस तापीच्या या काठावर झाला नाही, आणि त्या काठावर होईल असं वाटत नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीचे यजमान, मूळचे सोनगीरचे. जन्म सगळा आग्रा महामार्गाच्या कडेला गेला, पण रस्ता एकट्याने म्हणून कधी ओलांडला नाही. कोणी माणूस, नाहीतर एखादी म्हैस ओलांडायला लागली की तिच्या आडोशाने हे पलीकडे. गावची पोरं किल्ल्यावर चढायची तेव्हा हे पायथ्याशी सगळ्यांच्या चपला सांभाळत बसायचे. घरात कुकरची दुसरी शिट्टी झाली की चप्पल घालून अंगणात. पालीला भितात, लिफ्टला भितात, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भितात, आणि स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाआडून मला हळूच विचारतात, "साडूभाऊ, हा मांडवाचा खांब नीट पुरलाय ना?" मी शेजारीच उभा होतो. भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी केलंय.

आता गंमत बघा. आमच्या खानदेशात जिच्यापुढे भल्याभल्यांची तंतरते, त्या इंग्रजीला मात्र हा माणूस कधी भ्याला नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला 'हाड' म्हणताना आवाज फुटायचा नाही, पण वर्गात उभा राहून इंग्रजी बोलायला लागला की वाटावं, हा वेगळाच कोणी आहे. धुळ्याच्या एका विनाअनुदानित शाळेत शिकवायचे. आज मान्यता येईल, उद्या येईल असं करत केस पांढरे व्हायला लागले. शेवटी आमच्या मेव्हणीनेच कुठूनतरी चौकशी करून व्हिएतनामच्या एका शाळेत त्यांचा अर्ज पाठवून दिला. निवड झाली. विमानाला हे नुसत्या विचाराने भीत होते, पण बायकोला नाही म्हणायला त्याहून जास्त भीत होते, म्हणून एकटेच गेले. हा माणूस नीट समजून घ्यायचा तर एवढंच ध्यानात ठेवा, की जगातल्या सगळ्या भीतींमध्ये त्यांची सगळ्यात मोठी भीती ही समोरच्याला 'नाही' म्हणायची.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी हातात कामाचा परवाना पडला. त्यावर शाळेचं नाव, आणि ताकीद अशी की या शाळेत शिकवणं सोडून दुसरं कसलंही काम केलं आणि सापडलात तर परवाना रद्द, पासपोर्टवर शिक्का आणि थेट परतीचं विमान. साडूभाऊंनी तो प्लास्टिकमध्ये घालून बनियनच्या आतल्या खिशात ठेवला. आंघोळीला जातानाही बरोबर न्यायचे, असं स्वतःच सांगतात. भीती खोटी नव्हती हो. इकडे धुळ्याच्या शाळेत त्यांच्या जागी दुसरा मास्तर कधीच बसला होता. मेव्हणीने पार पिंपळनेरपर्यंत पेढे वाटले होते. शिक्का घेऊन परत आले असते तर ना इथले राहिले असते ना तिथले.

आणि अशा माणसाला तिथे लोक काम सांगायला लागले. त्या गावात इंग्रजी बोलणारा परदेशी म्हणजे हाच एकटा. शाळेच्या हिशेबनिसाचा भाऊ परीक्षेच्या ध्वनिफिती बनवायचा. तो म्हणाला, जरा आवाज द्या. नाही कसं म्हणणार? स्पंज लावलेल्या खोलीत बसल्यावर यांना वाटलं, आवाज ओळखला गेला तर? म्हणून नाक दाबून बोलले. त्या मुलखातली पोरं आजही इंग्रजीचा सराव पडसं झालेल्या माणसाच्या आवाजात करतात. मग एका टूथपेस्टवाल्याला परदेशी दंतवैद्य हवा होता. पांढरा कोट चढवून यांना उभं केलं. फोटोत सगळा चेहरा हसतोय आणि डोळे गच्च मिटलेले. ते पोस्टर नेमकं शाळेच्या चौकात लागलं, आणि साडूभाऊ पाऊस असो ऊन असो, छत्री तोंडावर धरून मागच्या गल्लीतून शाळेत जायला लागले. नाताळात बालवाडीवाल्यांनी लाल झगा आणि दाढी दिली, तेवढं एक काम मात्र मनापासून केलं. मला म्हणाले, इतकी बरी झोप कित्येक महिन्यांत लागली नाही, कारण दाढीतून कोणी ओळखणार नव्हतं.

हे सगळं मला कसं माहीत? कारण प्रत्येक कामाच्या आधी, कामात आणि कामानंतर त्यांचा फोन मला. बायकोला सांगायची भीती, म्हणून साडूला. माझं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं दुकान. इकडे मी रावेरच्या केळीवाल्याला नळी मोजून देतोय, तिकडून हे कुजबुजताहेत की जिन्यात बूट वाजले. मी एकच वाक्य बोलायचो, "फोन चालू राहू द्या, मी आहे." आणि फोन सदऱ्याच्या खिशात टाकून कामाला लागायचो. त्यांना तेवढं पुरायचं. एकदा चोपड्याच्या एका आबांनी विचारलं, तुमच्या खिशात कोण बोलतंय? मी म्हटलं, आमचे साडू आहेत, परदेशात घाबरताहेत. आबांनी समजल्यासारखी मान हलवली आणि नळीचा भाव पाडायला लागले. मी वरून वैतागायचो. चारचौघांत त्यांची टिंगलही करायचो. पण खरं सांगतो, तो खिसा बोलता असला की दुकानात बरं वाटायचं.

मग भरताचं प्रकरण झालं. त्यांच्या गल्लीत एका गुजराती गृहस्थाचं हॉटेल होतं. त्याला कळलं की मास्तर जळगाव-धुळ्याकडचे. थंडीत एका रविवारी त्याने धरलं, तुमच्याकडचं वांग्याचं भरीत करा, माझ्या गिऱ्हाइकांना खाऊ घालू. दहाबारा माणसांचं करायचं ठरलं. आता आमच्याकडे भरीत दहाबारा माणसांचं होतच नाही, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? आमच्याकडे शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ होतो, त्यात वांगी भाजतात, लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचतात, आणि केळीच्या पानावर जो येईल तो बसतो. भरताला कोणाला बोलवायचं हा प्रश्न नसतो. कोणी राहिलं तर नाही ना, हा असतो. राहिलेला माणूस ते वर्षानुवर्षं काढतो. त्यात आमचे साडूभाऊ. कोणी राहिलं आणि रुसलं तर, या धास्तीने त्यांनी अख्ख्या गल्लीची दारं वाजवली. हॉटेलच्या परसात कसल्याशा वाळक्या फांद्या पेटवल्या. केळीची पानं तर तिथे म्हणाल तितकी. आणि कोपऱ्यावरच्या घरातही जाऊन आले. त्या घरात परदेशी माणसांचे परवाने तपासणारा साहेब राहत होता.

हे त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी मोजायची नळी तशीच टाकली. म्हटलं, अहो भल्या माणसा, त्याला कशाला? तर साडूभाऊ, घाबरले की त्यांची सोनगीरची बोली बाहेर पडते, म्हणाले, "त्याना घरमा धूर गया, मंग त्याले टाळीसन कसं चाली?"

धूर ज्याच्या घरात गेला त्याला सोडून खायचं नाही, हे तर मलाही माहीत होतं. मी असतो तरी बोलावलं असतं.

साहेब आला, मांडी घालून पानावर बसला. मिरचीने नाका-डोळ्यांतून पाणी आलं तरी दोनदा मागून घेतलं. शेवटी हात धुताना विचारलं, हे केलं कोणी? गुजराती शेठने मोठ्या अभिमानाने साडूभाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, आमचे नवे आचारी, एरवी शाळेत मास्तर असतात. साहेबाने परवाना मागितला. बनियनमधून निघाला, प्लास्टिकही घामाने ओलं. साहेबाने उभ्या उभ्या वाचला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि उद्या सकाळी कचेरीत या म्हणाला. लगेच मला फोन. "साडूभाऊ, बठ्ठं संपनं." नेहमी कुजबुजणारा आवाज त्या दिवशी अगदी साधा होता. त्याने मी जास्त घाबरलो.

सोमवारी दुकान उघडलं पण मापाला हात लावला नाही. मेव्हणी धुळ्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. तिला एव्हाना सगळं सांगावंच लागलं होतं. ती, माझी बायको आणि मी गल्ल्यापाशी बसलो आणि फोन मधे ठेवला. तिकडे साडूभाऊंच्या खिशात फोन चालू. बुटांचा आवाज आला, खुर्ची सरकली. साहेब मोडक्या इंग्रजीत काहीतरी विचारत होता. मेव्हणीने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले. मला इंग्रजी जेमतेम कळतं, पण पुढचं कळलं. साहेबाने फक्त भरताचं विचारलं होतं, आणि आमच्या गड्याने भीतीच्या भरात नाक दाबून दिलेला आवाज, टूथपेस्टचं पोस्टर, लाल झगा, सगळं ओकून टाकलं. मेव्हणीने डोक्याला हात लावला. मला वाटलं, झालं, आता विमान.

मग साहेबाने विचारलं, भरताचे किती घेतले? साडूभाऊंना प्रश्नच कळेना. दोनदा विचारल्यावर म्हणाले, भरताचे कोणी घेतं का? शेठने पुढे केले होते, मी हात मागे घेतला. आमच्याकडे तसं करत नाहीत. तेव्हा साहेब म्हणाला, मग ते काम नव्हे, ते जेवण. बाकीच्या उद्योगांसाठी मात्र त्याने असं झापलं की फोन गल्ल्यावर थरथरला. ही पहिली आणि शेवटची ताकीद, पुन्हा सापडलात तर घरी. परवाना टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आम्ही तिघांनी श्वास सोडला, तोच साहेब जरा मऊ आवाजात म्हणाला, माझ्या मुलीचं इंग्रजी कच्चं आहे, संध्याकाळी घरी येऊन शिकवाल का?

मेव्हणीचे डोळे एवढाले झाले. आम्हा तिघांनाही पक्कं ठाऊक होतं, की हा माणूस आता 'हो' म्हणणार. उभ्या जन्मात दुसरं काही म्हणालाच नव्हता. आणि माझ्या गल्ल्यावरून आवाज आला, वर्गात असायचा तसा, स्वच्छ, "नो सर. परमिट."

साहेब त्यांची परीक्षा घेत होता की खरंच विचारत होता, ते आजवर कळलं नाही. पण हसला, एवढं आम्ही ऐकलं. मेव्हणी रडायला लागली आणि मी दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

त्या दिवसापासून साडूभाऊंची भीती गेली. सगळी नाही, पाल अजून आहे म्हणतात. पण जोडधंदे बंद झाले. कोणी काम सांगितलं की सरळ 'नाही' म्हणतात, आणि त्या 'नाही'ने कोणी रुसत नाही याचं त्यांना फार नवल वाटतं. शाळेने करार वाढवला. चौकातून जातात, छत्री बंद करून. आणि माझा फोन वाजायचा थांबला. सणावाराला दोन शब्द, सगळं ठीक, तुमचं कसं, एवढंच. ज्याची मी टिंगल करत होतो तेच मला आठवायला लागलं. नळी मोजताना हात आपोआप खिशाकडे जायचा. खिसा गप्प.

परवा मला छातीत दुखलं. जळगावच्या दवाखान्यात तपासणीसाठी नेलं. हातातून नळी घालून हृदयापर्यंत बघतात म्हणे. जन्मभर नळ्या विकल्या, पण त्या बाकावर बसल्यावर जी भीती बसली ती मी कोणाला सांगू? बायको शेजारी आधीच पदर तोंडाला लावून बसलेली. मी फोन काढला. तिकडे साडूभाऊंचा वर्ग चालू होता. म्हटलं, काही नाही, सहज केला. भीतीचा आवाज त्यांना नाही ओळखू येणार तर कोणाला?

"फोन चालू राहू द्या," ते म्हणाले. "मी शे."

मग फोन त्यांनी खिशात टाकला असणार, कारण कापडाची खसखस झाली आणि त्यातून पोरांचा आवाज यायला लागला. साडूभाऊ एक वाक्य म्हणत होते, पोरं ते पुन्हा म्हणत होती. मला त्यातलं अर्धंही कळत नव्हतं. डोळे मिटून मी ऐकत बसलो. नर्सबाई आल्या, माझं नाव पुकारलं आणि फोन बाहेर ठेवा म्हणाल्या. मी तो बायकोच्या हातात दिला आणि म्हटलं, बंद करू नकोस, साडूभाऊ आहेत.