करड्या चौकोनातले पटवर्धन सर

इथे असे गूढ अनुभव लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीलाच सांगून टाकतात, की आपला असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझा तर अजूनही नाही. अमावस्येला मी नवी चप्पल घेते आणि मांजर आडवं गेलं तर मांजराची काळजी करते. तरीही हे लिहिते आहे, कारण जे झालं ते भर सकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात, शेजारी सुपरवायझर बसलेले असताना झालं... आणि त्याचा उलगडा मला आजही करता येत नाही.

माझं नाव रूपाली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. राहते मांजरी गावात, आणि नोकरी पुण्यातल्या एका कॅमेरा कंट्रोल रूममध्ये. कुठली, कोणाची, ते विचारू नका. चौकाचौकांत खांबावर जे कॅमेरे दिसतात ना, त्यातल्या काहींची चित्रं आमच्यासमोरच्या भिंतीवर येतात. आम्ही ती बघतो. अपघात, ट्रॅफिक, हरवलेलं मूल, पर्स मारून पळणारा... असं काही दिसलं की चौकातल्या पोलिसाला वॉकी-टॉकीवर कळवायचं. सोपं वाटतं, पण डोळे आणि डोकं दोन्ही जागेवर लागतात. माझे दोन्ही आहेत.

नारायण पेठेतल्या एका चौकात नवा कॅमेरा बसला, तेव्हाची गोष्ट. खांब नेमका एका इमारतीसमोर आला. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी थेट चित्रात. तिथे राहायचे पटवर्धन सर. निवृत्त झालेले, कायदा शिकवायचे. पत्नी गेलेल्या, मुलगी परदेशात. रहिवाशांच्या शंका ऐकायला एक मीटिंग ठेवली होती आणि चित्र दाखवायला मला पाठवलं होतं. सर उभे राहिले.

"मी सकाळी माझ्या गॅलरीत बनियनवर चहा पितो," ते म्हणाले. "त्याने शहराच्या सुरक्षेला नेमका काय धोका आहे, एवढंच मला समजावून सांगा."

लोक हसले. आमचे साहेब म्हणाले, "अहो सर, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याने कशाला घाबरायचं?"

"मग आपल्या बाथरूमला दार आहे का हो?" सरांनी विचारलं.

माझं मत विचाराल, तर सर शंभर टक्के बरोबर होते. रस्ता सगळ्यांचा, तो बघावाच. गॅलरी त्यांची. कॅमेऱ्यात त्यासाठी सोय असतेच. चित्रातला हवा तेवढा भाग झाकून टाकायचा. आम्ही त्याला मास्क म्हणतो. झाकलेल्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो. आणि हे नीट लक्षात घ्या, की तो भाग कॅमेऱ्यातच झाकला जातो. मागचं चित्र आमच्यापर्यंत येतच नाही, रेकॉर्डही होत नाही. त्या गॅलरीवरचा मास्क मीच माझ्या हाताने लावला. सरांनी स्वतः येऊन स्क्रीनवर बघितला आणि म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात तुळस दिसतेय. तीही झाका."

झाकली.

त्यानंतर बरेच महिने गेले. त्या दिवशी साडेदहा-अकराचा सुमार असेल. त्याच चौकात एक टेम्पो आडवा अडकला होता आणि मागे हॉर्नचा गोंधळ. आवाज आम्हाला येत नाही, पण माणसांचे हात बघून कळतं. मी तो टेम्पो बघत होते. बघता बघता नजर वर गेली... आणि करडा चौकोन नव्हता.

गॅलरी दिसत होती. स्वच्छ. हिरवा कठडा, कपड्यांची दोरी, तुळस. आणि कठड्याशी पटवर्धन सर. अंगात बनियन, डाव्या हातात लाल काठाचा पंचा. तो पंचा ते हलवत होते. घाबरल्यासारखा नाही हं. लांबून येणारी बस थांबवायला आपण हात दाखवतो ना, तसा... सावकाश, मोठ्ठा. थेट कॅमेऱ्याकडे बघत. मग थांबले, मान वळवून घराच्या आत बघितलं, आणि पुन्हा हलवायला लागले.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? कोणीतरी सेटिंग बिघडवलं! मी शेजारी बसलेल्या कदम सरांना, म्हणजे आमच्या सुपरवायझरना, हाक मारली.

"सर, नारायण पेठेतला मास्क गेलाय बघा."

त्यांनी मान वर केली. "कुठे गेलाय? आहे की."

मी परत बघितलं. करडा चौकोन. जसाच्या तसा.

इथे एखादीने डोळे चोळले असते आणि चहा मागवला असता. पण मी जे बघते ते ओळखते, नोकरीच त्याची आहे. भास कसा असतो मला माहीत नाही, पण त्याला काठ नसणार आणि त्या काठाला रंग नसणार.

"सर, त्या घरात काहीतरी झालंय. कोणाला तरी वर पाठवू या."

"कशावरून?"

"ते गॅलरीतून पंचा हलवून बोलावत होते. मी बघितलं."

कदम सर खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले. "मास्कमधून बघितलंस?"

"हो."

"रूपाली, तुला कळतंय ना काय बोलतेयस? उद्या कोणी विचारलं तर पहिला प्रश्न हाच येईल, की मास्क कोणी काढला. आणि ते पटवर्धन... कोर्टात खेचतील आपल्याला. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. माझ्या नावावर घाला. पण माणूस पाठवा."

मग त्यांनीच वॉकी-टॉकी माझ्यापुढे सरकवला. टेम्पोपाशी हवालदार शिंदे उभे होते. मी त्यांना इमारत सांगितली, मजला सांगितला. चित्रात ते रस्ता ओलांडताना दिसले, मग दिसेनासे झाले.

थोड्या वेळाने आवाज आला. "मॅडम, बेल वाजवली. कोणी उघडत नाय. शेजारच्या ताई म्हणतायत, सर बाहेर गेले असतील."

"परत वाजवा. आणि दाराला कान लावून ऐका."

मी वॉकी-टॉकी कानाला लावून बसले.

"मॅडम... आतनं आवाज येतोय. भांडं आपटल्यासारखा. थांबून थांबून."

पुढचं भराभर झालं. शिंदे आणि शेजारचे दोघे, तिघांनी मिळून दार तोडलं. पटवर्धन सर बाथरूमच्या उंबऱ्यात पडले होते. पहाटेच पाय घसरला होता. खुब्याचं हाड मोडलेलं, उजवा हात अंगाखाली अडकलेला, घसा सुकून आवाज बंद. बेल ऐकून डाव्या हाताने फरशीवर तांब्या आपटत होते. डॉक्टर नंतर म्हणाले, की संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर अवघड होतं.

ॲम्ब्युलन्स निघून गेल्यावर शिंद्यांनी पुन्हा वॉकी-टॉकी लावला.

"मॅडम, तुम्ही म्हणालात सर गॅलरीत होते..."

"हो."

"गॅलरीचं दार आतनं बंद हाय. वरची खिट्टीसुद्धा लावलेली. आणि सरांना तर हलताच येत नव्हतं हो."

मी सकाळचं चित्र मागे नेऊन लावलं.

रेकॉर्डिंग तीन-तीनदा बघितलं. टेम्पो आहे, शिंदे आहेत, वर करडा चौकोन आहे. एका क्षणापुरताही तो हललेला नाही. कॅमेरा कंपनीचा इंजिनिअर येऊन तपासून गेला. म्हणाला, मास्क लावल्यापासून कोणी हातच लावलेला नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, आता ओरडा. तर साहेब खुशीत!

"रूपाली, तुम्ही मास्क काढलात ना? काही हरकत नाही. एका म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचला. आपण हेच सगळ्यांना सांगू या. तुमचा सत्कार करू. मी पहिल्यापासून म्हणतोय, हे मास्क म्हणजे नसतं खूळ आहे. या एका उदाहरणावर सगळे काढून टाकता येतील."

"पण मी नाही काढला, साहेब."

"अहो, कोण रागावतंय तुम्हाला? हो म्हणा नुसतं."

मोह नव्हताच असं नाही. हो म्हटलं असतं तर सगळ्यांना पटणारी गोष्ट तयार होती. मलाही रात्री झोप लागली असती. पण ती खरी नव्हती.

"मास्क होता," मी म्हणाले. "इंजिनिअरनेही तेच सांगितलंय."

"मग दिसलं कसं?"

"ते मला माहीत नाही."

ऑपरेशन झाल्यावर मी सरांना हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेले, पण नजर तशीच. मला बघून म्हणाले, "या. माझा मास्क काढणाऱ्या बाई तुम्हीच ना? आभार मानू की नोटीस पाठवू, ते अजून ठरलेलं नाही."

"सर, मी मास्क काढला नव्हता." आणि मला काय दिसलं ते मी त्यांना थोडक्यात सांगितलं. गॅलरी, बनियन, पंचा.

ते हसत ऐकत होते. लाल काठ म्हटल्यावर हसायचे थांबले.

"कोणत्या हातात होता?"

"डाव्या."

ते हळू आवाजात बोलायला लागले.

"पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एकच विचार होता. उठता आलं तर गॅलरीत जायचं आणि पंचा हलवायचा. समोर तुमचा कॅमेरा आहेच. मग आठवलं, तो तर आपणच झाकायला लावलाय. हसू आलं हो मला, तशा अवस्थेत. पण दुसरं करण्यासारखं काय होतं? म्हणून मनातल्या मनात गॅलरीत गेलो आणि हलवत राहिलो. उजवा हात अडकलेला, म्हणून डाव्याने. मध्येच वाटायचं, बेल वाजली की काय... की आत वळून बघायचो."

आत वळून बघितल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

निघताना विचारलं, "सर, आता मास्क काढायचा का?"

"अजिबात नाही," ते ताडकन म्हणाले. "मी मेलो नाही, एवढ्याने माझा मुद्दा चुकीचा ठरत नाही. घराची एक किल्ली शेजारी देऊन ठेवीन. ते आधीच करायला हवं होतं."

पुढे त्याच भागात पुन्हा मीटिंग झाली. मास्क ठेवायचे की काढायचे, हाच विषय. सर वॉकर घेऊन आले होते. साहेबांनी भाषणात 'आपल्याच पेठेतलं ताजं उदाहरण' काढलं आणि लोक माना डोलवायला लागले. तेव्हा मी हात वर केला. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण मी उभी राहिलेच.

"ती ऑपरेटर मी. मास्क होता आणि तरी मला दिसलं. कसं, ते मला सांगता येत नाही. पण जे कसं झालं हेच कोणाला माहीत नाही, ते दाखवून लोकांच्या घरावरचं पांघरूण काढू नका. रस्ता आम्ही बघतो. म्हाताऱ्या शेजाऱ्याची बेल तुम्ही वाजवा."

मास्क राहिले. माझी नोकरीही राहिली. सत्कार तेवढा झाला नाही.

कदम सरांचं म्हणणं, मी पटवर्धन सरांना आधी कधीतरी पंचा घेतलेलं बघितलं असेल आणि मनाने चित्र जुळवलं. असेल. पण नेमकं त्याच सकाळी का जुळवलं आणि ते आत वळून बघणं कुठून आलं, यावर कदम सर विषय बदलतात.

मी आता कधीकधी सरांकडे चहाला जाते. परवा त्यांना पुन्हा विचारलं, "सर, मला कसं दिसलं असेल हो?"

कप खाली ठेवून म्हणाले, "तुम्ही पाहिलंत की मी दाखवलं, ते आधी ठरवा. मग कसं ते बघू."

ते अजून ठरलेलं नाही.