मधुकरकाकांच्या लाटा

सरांच्या एका हातात निळं कापड होतं आणि दुसऱ्या हातात मी लिहिलेली फाइल.

"टाके एवढे सुधारले आणि पेगबोर्ड जिथल्या तिथे? हे कसं काय?"

"मन लावून शिवतात, सर. आवडीचं काम आहे."

"हात तर तोच आहे ना?"

मला राग आला. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये हीच केस मांडायची, असं मी ठरवून बसले होते.

मी नागपुरात एका हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि सर आमचे विभागप्रमुख. फिजिओथेरपिस्ट हाताची ताकद परत आणतो. तो हात रोजच्या कामाला लावणं आमच्याकडे. बटण लावायचं, घास उचलायचा, किल्ली फिरवायची. पेगबोर्ड म्हणजे भोकं पाडलेली पाटी. पेशंटने तिच्यात छोट्या खुंट्या एकेक करून बसवायच्या आणि आम्ही वेळ मोजायचा. मधुकरकाकांचा वेळ तीन आठवड्यांत हललाच नव्हता.

काका टेलर. कळमन्याकडे दुकान, चाळीस वर्षं हातात कात्री. पॅरालिसिसचा झटका आला आणि उजव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे ओवायला मणी ठेवले. त्यांनी ते डाव्या हाताने माझ्याकडे सरकवले.

"लेकराचा खेळ नका देऊ मले. काम द्या."

काम त्यांच्या बायकोने, कुसुममावशींनी, पुढच्या वेळी पिशवीत घालून आणलं. त्यांच्या मुलाने मिहानजवळ फ्लॅट घेतला होता. सात वर्षांची नात परी समुद्र बघून आली होती आणि येताना रुमालात शिंपले बांधून आणले होते. नव्या घरात तिला 'समुद्राची खोली' पाहिजे होती. भिंतीवर टांगायला समुद्र शिवून देतो, असं काकांनी तिला कबूल केलं होतं. आजारी पडायच्या आधी त्यांचं कापून झालं होतं. वाळूसाठी मांजरपाट. लाटांसाठी पाच निळ्या पट्ट्या, त्यातल्या दोन शाळेच्या युनिफॉर्मच्या उरलेल्या कापडाच्या. फेसासाठी परकराची लेस. शिवणं तेवढं राहिलं होतं.

मला आयती थेरपी मिळाली. शिंपला उचलणं म्हणजे चिमटीचा व्यायाम. दोरा ओढणं म्हणजे मनगटाचा. मी कापड लाकडी फ्रेमवर ताणून दिलं, गोधडीची जाड सुई दिली आणि घरी रोज अर्धा तास धावदोरा घालायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात टाके एक इकडे, एक तिकडे. तिसऱ्या आठवड्यात दोन लाटा पूर्ण, टाके एका ओळीत. मी फाइलमध्ये लिहिलं, 'उत्तम सुधारणा'.

सरांनी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं कापड घेऊन पुन्हा आले. मी काकांना म्हटलं, "तिसरी लाट आज इथेच सुरू करा."

वीस मिनिटांत पाच टाके पडले. पाचही वाकडे. मावशी सगळा वेळ पिशवीची चेन मागे-पुढे करत बसल्या होत्या. मी काकांना शेजारच्या फिजिओच्या खोलीत पाठवलं आणि मावशींकडे वळले.

"मावशी, घरी कोण शिवतं?"

"शिवतात तेच," त्या म्हणाल्या. मग चेन बंद करून, "दुपारी जेवून झोपले का मी उसवते अन् पुन्हा घालून ठेवते."

"पण का?"

"चाळीस वर्षांत त्या माणसाचा टाका वाकडा गेला नाई, मॅडम. आता शिवून झालं का कापडाकडे पाहत बसतात. तोंड पाहवत नाई त्यांचं. तुमी सांगू नका त्यांना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मावशी खाली औषधं आणायला गेल्या. काका परत आले, खुर्चीत नीट बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं ना तिनं?"

मी फाइल चाळू लागले.

"तिले टाका मीच शिकवला, लग्न झाल्यावर. दोरा ओढून झाला का जरासा दाबते ती. पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

"मग बोलला नाहीत?"

"मी झोपून उठलो का कापड समोर धरते. म्हणते, पाहा, आज किती सुंदर शिवलं तुमी. इतकी खुश होऊन राहिली होती. कसं बोलू?"

त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला. "पण आता माझंही मन लागत नाई, मॅडम. उसवणारच आहे तं नीट काहून शिवू?"

तेव्हा मला पेगबोर्डचं उत्तर मिळालं. ती त्यांना जपत होती, ते तिला जपत होते, आणि हात मात्र आहे तिथेच राहिला होता. मी त्यावर 'उत्तम' लिहून मोकळी झाले होते.

मावशींना शब्द दिला होता, त्यामुळे मी एक खोटं बोलले. दोघांना समोर बसवून सांगितलं, "आजपासून कापड इथेच राहील, माझ्या कपाटात. विभागाचा नियम आहे. लाटा काका शिवतील, शिंपले मावशी. इथेच, आठवड्यातून तीनदा."

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फ्रेम माझ्या हातात दिली.

पुढच्या वेळी काकांनी सात टाके घातले. सातवा फारच तिरका गेला. मावशींचा हात सवयीने सुईकडे गेला. काकांनी त्यावर आपला उजवा हात ठेवला. उचलून ठेवायला त्यांना वेळ लागला, पण ठेवला.

"राहू दे वं," ते म्हणाले. "माझा आहे तो."

काकांना सगळं माहीत होतं, हे मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुढचा शिंपला हातात घेतला.

शुक्रवारी मी मीटिंगमध्ये माझी चूक मांडली. सर एवढंच म्हणाले, "बरं झालं, मोजलं ते."

गृहप्रवेशापर्यंत समुद्र पूर्ण झाला नाही. तो पुढे तीन आठवड्यांनी परीच्या भिंतीवर लागला. वरच्या दोन लाटा मावशींच्या, खालच्या तीन काकांच्या. वरच्या उसवून पुन्हा शिवता का, असं मी विचारलं होतं. काका नाही म्हणाले. पेगबोर्डचा वेळ जवळजवळ अर्ध्यावर आला. शर्टाची बटणं ते आता स्वतः लावतात, गळ्याजवळचं सोडून. मशीनवर अजून बसलेले नाहीत.

घरून शिवून आलेल्या कामावरून मी आता सुधारणा लिहीत नाही. समोर करून घेते. आणि फाइलमध्ये एक रकाना मी माझा वाढवला आहे: घरी मदत कोण करतं. तो अजून एकदाही रिकामा राहिलेला नाही.