परत आणलेली डाळ

लातुरात अभ्यास दोनच गोष्टींचा करतात, डॉक्टर होण्याचा नाहीतर इंजिनिअर होण्याचा. त्यासाठी लांबलांबची मुलं इथं खोल्या करून राहतात आणि क्लासच्या पिशव्या पाठीला लावून वाकून चालतात. मी याच गावात जन्मून मराठीत एम.ए. केलं, तेव्हा आमच्या गल्लीनं मला नापासच धरलं. पुढं पीएच.डी. करणार म्हटल्यावर शेजारच्या काकू अम्मीला म्हणाल्या, बरं झालं, नावापुढं डॉक्टर तर लागंल. त्यांनी हे मनापासून सांत्वन म्हणून सांगितलं होतं.

मला बखरींच्या गद्यावर काम करायचं होतं. बखरीतली वाक्यं कशी चालतात, कुठं थांबतात, माणूस मारायचा असला की अचानक आखूड का होतात, हे मला एम.ए.पासून छळत होतं. वर्गातल्या बाकीच्यांना तळटीपा पाहाव्या लागत. मला फार लागत नसत, कारण मसलत, तजवीज, खुशाली, रवाना हे शब्द आमच्या घरात रोज चहाबरोबर फिरतात. अब्बांचं गाद्यांचं दुकान आहे आणि घरी आम्ही दखनी बोलतो.

विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाले आणि मला वाटलं, झालं. झालं कसलं! परीक्षा पास होणं म्हणजे मार्गदर्शकांच्या दारात उभं राहण्याची परवानगी. ज्याच्याकडे जागा रिकामी असेल त्यानं आधी हो म्हणायचं, मग नांदेडला विद्यापीठातली समिती तुमचा विषय ऐकणार आणि मंजूर करणार किंवा बदलून देणार. माझ्या आधी पीएच.डी.ला लागलेली अहमदपूरची एक ताई होती. तिनं मला रीत समजावून सांगितली. नांदेडच्या एका सरांकडे जागा होती, पण त्यांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं.

“लातूरहून येऊन राहिली अन् डाळ न्हाई आणली, लई वंगाळ दिसतं बघ,” ती म्हणाली.

म्हणजे धर्माबादच्या मुलानं मिरची न्यायची आणि लातूरच्यांनी तूरडाळ. ज्या गावात जे पिकतं किंवा भरडलं जातं ते सरांच्या स्वयंपाकघरात पोचवणं हा संशोधनाचा पहिला टप्पा. मी नाक मुरडलं, पण अब्बांनी ओळखीच्या मिलमधून चांगली डाळ आणून पिशवी शिवून दिली आणि मी ती मांडीवर घेऊन एस.टी.त बसले.

सरांचं घर मोठं होतं. बैठकीत सत्काराच्या शालींची चळत होती, वेष्टनासकट. पिशवी मी चपलांच्या कपाटाशी ठेवली. सरांनी ती पाहिली, मग मला पाहिलं, मग माझं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाले की मी मराठी फार छान बोलते. मी मराठीतच एम.ए. केलंय, वर्गात पहिली होते, हे सांगून झाल्यावरही ते पुन्हा म्हणाले, नाही, खरंच छान बोलता.

बखरींचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. तो विषय जड आहे, जुना आहे, शिवाय नाजूक आहे. त्यांच्याकडे माझ्यासाठी दुसरा विषय तयार होता, मुस्लीम मराठी कथाकारांच्या कथांतील समाजजीवन, एक चिकित्सक अभ्यास.

“घ्या की हा,” सर म्हणाले. “सोपा जाईल तुम्हाला. घरचाच विषय हाय तुमच्या.”

सरांचा स्वतःचा प्रबंध ग्रामीण कादंबरीतल्या बैलांवर होता. तो कपाटात दर्शनी ठेवलेला होता, म्हणून मला कळलं. ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं, विचार करून सांगते म्हणाले आणि उठले. मग दारात चपला घालताना हात आपोआप पिशवीकडे गेला. मी पिशवी उचलली आणि चालू लागले. आतून कुणीतरी “अहो, ते...” म्हणालं. मी वळले नाही.

अहमदपूरच्या ताईनं हे ऐकून कपाळाला हात लावला. लोकांनी सरांशी भांडणं केली होती, प्रबंध अर्धवट टाकले होते, एकानं तर मार्गदर्शक बदलला होता. पण दिलेली डाळ कुणी परत नेली नव्हती. तरीही सरांचा निरोप आला की जागा आहे, विषय तोच घेतला तर. त्यांना विद्यार्थी हवा होता, आणि माझ्यासारखा विद्यार्थी त्यांच्या यादीत शोभला असता.

डाळ घरी आल्यावर वेगळाच तिढा झाला. दुसऱ्याच्या नावानं नेलेली वस्तू आपल्या चुलीवर चढवायला अम्मी तयार होईना. पिशवी पिठाच्या डब्यामागं पडून राहिली.

मग मी हैदराबादला अर्ज केला. मोठं विद्यापीठ, तुलनात्मक साहित्याचा विभाग, वर शिष्यवृत्ती. मुलाखत फोनच्या पडद्यावर झाली. समोर तीन विद्वान, तिघांच्याही मागं पुस्तकांच्या भिंती. मी बखरीतल्या वाक्यांबद्दल बोलायला लागले तर एक बाई गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या की ते ठीक आहे, पण दुष्काळी प्रदेशातली एक मुस्लीम स्त्री म्हणून तुम्ही या साहित्याकडे कशा पाहता? मी म्हटलं, चष्मा लावून. कुणी हसलं नाही. त्यांना वाटलं भाषेची अडचण आहे, म्हणून त्यांनी तोच प्रश्न सावकाश विचारला.

त्यांनी मला घेतलं. कळवताना सुचवलं होतं की प्रस्तावात माझा स्वतःचा अनुभव मध्यभागी आणावा, बखरी पार्श्वभूमीला चालतील. नांदेडचे सर आणि या बाई एकमेकांना भेटले असते तर त्यांनी एकमेकांकडे ढुंकून पाहिलं नसतं. मागत मात्र दोघं तेच होते. मी अभ्यास करू नये, मी अभ्यासाला ठेवलेली वस्तू व्हावं. एकाला ती डाळीसोबत हवी होती, दुसऱ्यांना इंग्रजीत.

तिसरी जागा आमच्या लातुरातच निघाली. एका कॉलेजात एक वयस्कर सर होते, खडूस म्हणून बदनाम. त्यांच्याकडे विद्यार्थी टिकत नसत. मी आराखडा दिला. त्यांनी उभ्याउभ्या चाळला आणि टाकाऊ आहे म्हणाले. मोडी येते का, विचारलं. नाही म्हटलं.

“मग बखरींचं काय वाळवण घालणार आहात?”

त्यांनी एक जाडजूड पुस्तक पुढं ढकललं आणि एक पान मोठ्यानं वाचायला लावलं. फारसी शब्दांवर मी धावले, संस्कृत समासांवर अडखळले. जिथं अडखळले तिथं ते पेन्सिलनं टेबलावर टकटक करत राहिले. शेवटी म्हणाले, मोडी शिकून या, मग घेतो. मी मराठी कशी बोलते याबद्दल ते काही बोलले नाहीत. इतका अपमान करून घेऊन मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

घरी चर्चेला ऊत आला. अम्मी म्हणाली, तीन स्थळं आलीत. हैदराबादचं घराणं मोठं, नांदेडचा नोकरीला पक्का, आणि तुला आवडला कोण, तर लातूरचा म्हातारा. पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लातूरच्या सरांनी घेतलं तरी विषय मंजूर करणार नांदेडची समिती, आणि त्या समितीत डाळवाले सर बसत. समितीची बैठक होती हैदराबादला होकार कळवायच्या मुदतीनंतर. हैदराबाद सोडलं आणि समितीनं बखरी नाकारल्या, तर माझ्या हातात घरचाच विषय उरणार होता.

मी हैदराबादला नकार कळवला. अब्बा त्या दिवशी गादीला टाके घालत राहिले.

मोडी शिकले. सरांनी आराखडा इतक्यांदा परत केला की त्यांच्या लाल शाईचा रंग मला स्वप्नात दिसे. मग नांदेडला समिती. बाहेर व्हरांड्यात उमेदवारांची रांग, प्रत्येकाच्या छातीशी फाइल, आणि बहुतेक फाइलींवर एकच शीर्षक. फक्त साहित्यिकाचं नाव बदललेलं, शेवटी एक चिकित्सक अभ्यास. एकाचा विषय समितीतल्याच एका सदस्याची कविता हा होता. तो सगळ्यांत निवांत होता.

आत मी बोलले. बखरीतलं एक पान वाचलं, वाक्यं कुठं आखूड होतात ते दाखवलं. माझे खडूस सर बाजूला बाही सावरून बसले होते, आज भांडायचंच या तयारीनं. नांदेडच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, विषय वेगळा आहे, होऊ द्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या सरांचा तर हिरमोडच झाला.

मला वाटलं, जिंकले. पान वाचल्यावर बैलांच्या अभ्यासकालाही ऐकू आलं म्हणायचं. व्हरांड्यात मी जवळजवळ उड्या मारत होते. तेवढ्यात नांदेडचे सर चहाला बाहेर आले आणि माझ्याजवळ थांबले.

“डाळ पोचली बरं का,” ते म्हणाले. “चांगली शिजते. या खेपेला परत न्हाई नेली तुम्ही.”

घरी येऊन मी थेट डब्यामागं पाहिलं. पिशवी नव्हती. अब्बांनी ती आदल्याच दिवशी एस.टी.नं नांदेडच्या एका ओळखीच्या माणसाकडे धाडली होती आणि त्यानं सरांच्या घरी नेऊन दिली होती. मी दुकानात जाऊन खूप बोलले. माझी मेहनत मातीत घातली म्हणाले. त्यांनी सुई कापसात खोचून ठेवली.

“तेरेकू बोलता तो तू भेजने देती क्या?” ते म्हणाले. “तेरे पढनेपे भरोसा हय मेरा. उन लोगोंपे नई.”

कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आता बोलते. त्यांनी त्या लोकांना जोखलं होतं, आणि तसं जोखायला त्यांना एम.ए. व्हावं लागलं नव्हतं.

काम चाललंय. विषय माझाच आहे, सर अजून टकटक करतात. विद्यापीठात गेले की नवी मुलं गाठून विचारतात, ताई, तुमचा एवढा वेगळा विषय मंजूर कसा झाला? चांगला होता म्हणून, असं मी सांगते. ती मान डोलवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतात, खरं कारण यायचंय म्हणून. मला ते ठाऊक नाही. नांदेडच्या त्या माणसानं माझा विषय नाकारला असता तर मी त्याला केव्हाच विसरले असते. त्यानं तो मंजूर केला, हे मात्र मी त्याला कधीच माफ करणार नाही.