हलगीची जागा

धाराशिवच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा वडिलांनी माझी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली. निरोप द्यायला दुसरं कोणी आलं नव्हतं. मी ज्यात हलगी वाजवायचो त्या गावच्या वाद्यवृंदातलं कोणीतरी येईल असं मला गाडी हलेपर्यंत वाटत होतं. वडिलांनी ते ओळखलं. "बघू नको तिकडं," ते म्हणाले. "कुणी येणार न्हाय."

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. वाद्यवृंद का मोडला याची गावात एक हकिगत सांगतात, की मी रुसून निघून गेलो. झालं ते असं.

आमचं गाव तेरच्या पुढं, तेरणेच्या काठाला. आमची मातंग वस्ती गावाच्या कडेला. लग्न, मयत, पोळा, देवाची पालखी, काहीही असलं तरी हलगी आमच्या लोकांनी वाजवायची, आणि उभ्यानं वाजवायची. हलगीवाला बसत नसे. मी शाळेत असताना वस्तीनं हे बंद केलं. त्यात वडील पुढं होते. गावानं मग गिरणीत आमचं दळण घेणं थांबवलं, रानात कामाला बोलावणं थांबवलं. एका पोळ्याला मारामारी होऊन दोन्हीकडची पोरं दवाखान्यात पडली.

त्यानंतर बदली होऊन आलेल्या संगीताच्या सरांनी दोन्हीकडची पोरं गोळा करून वाद्यवृंद उभा केला. पेटी, तबला, बासरी, क्लॅरिनेट आणि हलगी. त्यांची अट एकच होती, सगळे एका सतरंजीवर बसतील.

वडिलांना ते पटलं नाही. "आमी सोडली ती तू हातात घेतो व्हय?" मी सांगितलं, बसून वाजवणार आहे. मग ते म्हणाले, "बसून असंल तर वाजव."

सराव शाळेच्या व्हरांड्यात चाले. हलगीचं कातडं गारठलं की सैल पडतं. जाळावर शेकून ते ताणून घ्यावं लागतं, तेव्हा कुठं ती खणखणते. पेटी वाजवणारा नितीन त्यासाठी आपल्या रानातून तुराट्या आणायचा आणि माझ्याबरोबर जाळापाशी बसायचा. आमच्या पोरांशी झालेल्या मारामारीत त्याच्या चुलतभावाचं डोकं फुटलं होतं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. "तुझी हलगी म्हंजी आमची आज्जी," तो म्हणायचा, "शेकल्याबिगर बोलत न्हाय." हलगी शेकून झाल्याशिवाय कोणी सूर धरत नसे. सरांनी तसा नियम केला नव्हता, तो आपोआप पडला होता.

पुढं आमचे कार्यक्रम होऊ लागले. परंड्याला, उमरग्याला लोकांनी आम्हाला शेजारी शेजारी बसलेलं पाहिलं. आमच्या गावच्या यात्रेत मात्र बोलावणं यायला वेळ लागला. सरांनी पंचांशी बोलणं केलं, सगळे मंचावर बसतील असं कबूल करून घेतलं. वस्तीतली माणसं त्या संध्याकाळी बऱ्याच वर्षांनी यात्रेत आली. वडीलही आले.

हवेत गारवा होता. कार्यक्रमाआधी हलगी शेकायला मी मंचावरून उतरलो. "हो पुढं, पेटी लावून येतोच," नितीन म्हणाला. तो आला नाही. मी एकट्यानं शेकून परत आलो तर पायरीवर यात्रा कमिटीचे दोघे उभे होते. त्यातला एक शांतपणे म्हणाला, "उतरलाच हायस तर आता खालीच ऱ्हा. हलगी खालीच बरी दिसती."

वर सतरंजीवर माझी जागा राहिली नव्हती. सगळे थोडे थोडे सरकून बसले होते. सर मंचाच्या कडेला येऊन वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, आजचा दिवस उभ्यानं वाजव, पुढच्या वर्षी बघू. मी नितीनकडं पाहिलं. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, पेटीचा भाता सोडला आणि सूर दिला. बाकीच्यांनी तो धरला.

मी वाजवलं नाही. गर्दीतून वडील पुढं आले, माझ्या हातातली गरम हलगी त्यांनी घेतली आणि आम्ही घरी आलो. पुढं सराव बंद पडला, वाद्यवृंद मोडला आणि मी पुण्याची गाडी धरली.

आता मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांच्या बातम्या तपासतो, विशेषणं कापतो. वडील माझ्याकडं असतात. सोसायटीच्या गणपतीत ढोल वाजवशील का, असं विचारलं तेव्हा मला वाजवता येत नाही असं सांगितलं.

यंदाच्या यात्रेनंतर नितीननं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला आहे. नितीन आता ऑक्टोपॅड वाजवतो. त्यानं पॅडवर काठी टेकवली आणि हलगी वाजली. ऐकताक्षणी हात ओळखू आला. सरावाच्या वेळी त्यानं फोनवर टिपून ठेवलेली माझी हलगी त्यानं पॅडमध्ये भरली होती. खाली लिहिलं होतं, "तू इथंच असल्यागत वाटतं."

वडिलांना ऐकवलं. "हात तुझाच हाय," ते म्हणाले. मग फोन जवळ घेऊन विचारलं, "बसलंय कोण?"

मी नितीनला फोन करून तो आवाज काढून टाकायला सांगितलं. त्याला वाईट वाटलं. आपण प्रेमानं केलं होतं, गावाला लई आवडलंय, असं तो सांगत राहिला. वस्तीतलं कोणी आता सतरंजीवर बसतं का, असं मी विचारलं. "आता गरजच पडत न्हाय ना," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आवाज त्यानं काढलेला नाही. गावानं माझ्यातलं हवं तेवढं वर बसवून घेतलं आणि राहिलेला मी इकडं आलो. घर म्हणून माझ्याकडं या दोन भाड्याच्या खोल्या आहेत. संध्याकाळी दार उघडं ठेवून वडील खुर्चीत बसतात. घरमालक आले तरी उठत नाहीत.