नारिंगी घाम

आमच्या तालमीच्या दोरीवर चौदा पंचे वाळताहेत आणि प्रत्येकावर घामाचे नारिंगी डाग आहेत. मेंदूज्वराने सदा पैलवानाला पाडलं, म्हणून त्याच्याबरोबर एकाच तांब्यातून थंडाई पिणाऱ्या आम्हा सगळ्यांना औषध घ्यावं लागलं. त्याचा हा रंग.

आमच्या वस्तादांच्या शिंकेने तीन गावांची कौलं उडतात. ते म्हणाले, "बाई, लोखंडाला कसला ताप?"

त्यांच्या कमरेएवढ्या नर्सबाई म्हणाल्या, "सदाही लोखंडच होता ना? तोंड उघडा."

वस्तादांनी मुकाट उघडलं. औषध घेणं म्हणजे भिणं, असं मी समजत होतो. पण जो शत्रू हाताने धरता येत नाही, त्याच्यावर हाच डाव चालतो.

सदा अजून शुद्धीवर नाही. त्याच्या कोपऱ्यातली माती आम्ही रोज उकरून मऊ ठेवतो. न येऊन जातो कुठे?