रोहूचा व्हिडिओ

तो व्हिडिओ मी अन्यायाला वाचा फोडायला काढला नव्हता. मासे घ्यायला काढला होता. आमच्या गावच्या आठवडी बाजारात बायको येत नाही, पण रोहू मात्र तिच्या पसंतीचाच लागतो. म्हणून मी मोबाइल धरून घमेल्यातले मासे टिपत होतो. विकणारी मावशी साठीची. तिचं गाव गोसीखुर्दच्या धरणात बुडालेलं, आणि त्याच पाण्यातले मासे आणून ती विकायची.

"मावशी, कल्ले उघडून दाखवा, घरी पाठवायचं आहे," मी म्हटलं.

तेवढ्यात हवालदार आला. कुणा पुढाऱ्याची गाडी त्या रस्त्यानं जायची होती.

"उठ, रस्ता मोकळा कर."

"उठतो ना साहेब, दोन मिनिटं द्या," मावशी म्हणाली.

त्यानं बुटानं घमेलं उलथवलं. मासे गोळा करायला ती वाकली, तशी तिच्या पाठीत काठी बसली. मग त्याची नजर माझ्या मोबाइलवर आली. आणि मी, पंचवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवणारा मास्तर, म्हणालो, "नमस्कार साहेब."

तो निघून गेला. पुढाऱ्याची गाडी रस्त्यावरच्या रोहूंवरून गेली. मी उरलेले मासे गोळा करून मावशीच्या घमेल्यात टाकले आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

बायकोनं व्हिडिओ दोनदा पाहिला.

"तुमी नमस्कार काहून केला?"

"तोंडातून निघाला."

तिनं तो व्हिडिओ सरळ माहेरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत जिल्हाभर झाला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यावर मोर्चा निघाला. बाया, कॉलेजची पोरं, विहारातली मंडळी मनापासून चिडून आली होती. काठी पडली तेव्हा पाठ फिरवून वांगी निवडणारे दोन दुकानदारही पुढच्या रांगेत होते. आदल्या दिवशीचे पुढारी आले आणि अशी प्रवृत्ती ठेचून काढू म्हणाले. त्यांच्या गाडीच्या चाकांना अजून खवले असतील, असं मला उगाच वाटलं. शाळेत मी नववीच्या वर्गात शिरलो, तर अख्खा वर्ग उभा राहून म्हणाला, "नमस्कार साहेब." रागवायला तोंड कुठं होतं? बसा म्हटलं.

या गडबडीत मावशी कुठंच नव्हती. मी तिच्या घरी गेलो. ती पालथी पडून सुनेकडून पाठ शेकून घेत होती.

"मोर्च्यात नाही आल्या?"

"मले कोनी सांगतलंच नाही, सर. गाव बुडलं तवा येवढे लोक आले असते तं बरं झालं असतं."

मग म्हणाली, "बयान द्याले बलावलं आहे. तुमी चला संग."

ठाण्यात चौकशीच्या साहेबांनी आधी माझाच समाचार घेतला. "तुम्ही नमस्कार केला, म्हणजे हवालदारांची ओळख दिसते?"

"ओळख नाही. भ्यालो म्हणून केला."

लिहिणारा शिपाई हसला, पण लिहिलं त्यानं. मग मावशीचं बयान झालं आणि वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, 'सौम्य बळाचा वापर केला.'

"सौम्य म्हंजे काय, सर?" तिनं मला विचारलं.

"हळू मारलं, असं लिहिलं आहे."

मावशी उठली. तिथल्या महिला पोलिसाला हाताला धरून शेजारच्या खोलीत घेऊन गेली. दोघी परत आल्या तेव्हा ती पोलीस बाई साहेबांकडे न बघता म्हणाली, "सर, सौम्य नाही आहे ते. पूर्ण पाठ काळीनिळी आहे."

साहेबांनी कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी स्वतःच्या पेनानं तो शब्द खोडला. मावशीनं अंगठा दिला.

हवालदार निलंबित झाला. तो परत येईल, असं लोक सांगतात. चौकशी अजून सुरू आहे. बोलावलं की मी जातो, आणि ठाण्याच्या दारातून आत शिरताना तोंड घट्ट मिटून ठेवतो.